डावं टोक, चौसष्ट किलो

ड्रॉइंग ऑफिसात बोर्ड चौदा होते आणि माणूस एक. तेरा बोर्ड चादरी पांघरून उभे असायचे आणि चौदाव्यापाशी पट्टीकाका बसलेले असायचे. दारातून पाहणाऱ्याला वाटावं, तेरा पेशंट झोपलेत आणि हा त्यांच्या उशाशी बसलाय. काकांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण दुसऱ्याचं पगारपत्रक वाचण्याची सोय नसल्यामुळे ते कोणाला ठाऊक नव्हतं. शर्टाच्या खिशात गेली चौतीस वर्षं सहा इंची स्टीलची पट्टी, म्हणून पट्टीकाका. लोक म्हणायचे, काका झोपेत कूस बदलतात तीसुद्धा बरोब्बर नव्वद अंशांत.

पण त्यांची खरी ख्याती होती वजनाची. त्यांचा डोळा म्हणजे काटा. एकदा मालकीणबाईंचे यजमान जिना चढत असताना काकांनी मान वर न करता, नुसत्या पावलांच्या आवाजावरून सांगितलं, "साहेब ब्याऐंशी किलो. त्यात दोन किलोंची बॅग." खाली गोदामातल्या काट्यावर उभं केलं तर साहेब ऐंशी भरले आणि बॅग दोन. ही गोष्ट कारखान्यात तोंडोतोंडी वाढत गेली, ती इथवर की काका भिंतीपलीकडच्या मांजरीचं वजन सांगतात आणि तिच्या पोटात पिल्लं किती तेही. काकांनी ते कधी नाकारलं नाही. माणसाला स्वतःची अशी एवढी तरी इस्टेट असावी.

कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत कॉम्प्युटर होता. त्याला सगळे जावई म्हणायचे. आख्ख्या कारखान्यात गार हवा फक्त त्याला. त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, आणि जे द्यायचं ते तो मागेल त्याच क्रमाने, मोजूनमापून द्यायचं. जरा इकडचं तिकडे झालं की रुसून पडद्यावर नुसता गोल फिरवत बसायचा.

कर्तबगार मात्र होता. वस्तू जमिनीला कुठे टेकणार, तिच्यावर कुठे किती भार येणार आणि लोखंड कोणतं, एवढं त्याला सांगायचं. मग तो मनातल्या मनात लोखंडाचा सबंध ठोकळा घेई आणि उंदराने पाव कुरतडावा तसा कुरतडत सुटे. जिथे भार नाही तिथलं लोखंड फस्त. उरेल ते डिझाइन. तेही एक नाही, शेकड्यांनी. पहिल्यांदा त्याला दिव्याच्या खांबाचा आडवा हात काढायला दिला तेव्हा त्याने कोंबडीच्या तंगडीसारखं काहीतरी काढून दिलं. चौदाही जण पोट धरून हसले. पण ती तंगडी ओतून घेतली, तिला तीन माणसं लोंबकळली, आणि ती जागची हलली नाही. वजन जुन्या हाताच्या निम्मं. त्या दिवसापासून ऑफिसातलं हसणं कमी झालं. पुढच्या दोन वर्षांत एकेक करून सगळे पांगले. कोणी मुलाकडे राहायला गेला, कोणी दुसऱ्या कारखान्यात, आणि एकजण तर मधमाश्या पाळायला. काका राहिले, कारण जावयाला भाराचा तक्ता भरून द्यायला कोणीतरी लागायचंच. जावयाला सगळं येत होतं. फक्त जगात कोण कुठे बसतं, उभं राहतं, टेकतं, हे त्याला दिसत नव्हतं.

एका गुरुवारी मालकीणबाई वर आल्या. त्या वर येत नसत, माणसाला खाली बोलवत. तेव्हा काका उभे राहिले.

"पट्टी, तळ्याकाठच्या रस्त्यासाठी चाळीस बाकडी करायचीत," त्या म्हणाल्या. "पण पुस्तकातले आकडे घेऊन बसू नका. पुस्तकातलं बाकडं हत्तीसाठी असतं. तळ्यावर हत्ती येत नाहीत. खरोखर कोण बसतं, कुठे बसतं, तेवढ्यापुरतं लोखंड घाला. जावयाला ते छान जमतं."

"जमवतो. किती दिवस?"

"दोन आठवडे. उद्यापासून मोजा. त्या शुक्रवारी नमुना बघायला येते." त्यांनी तेरा चादरींवरून नजर फिरवली. "नाहीच जमलं तर ही खोली मला खोक्यांसाठी हवीय. जावई हेड ऑफिसला जाईल. आणि तुम्ही तरी किती राबणार? घरी आराम करा."

आराम हा शब्द त्यांनी इतक्या मायेने उच्चारला की काकांनी त्याचाच धसका घेतला.

कारण घरी आरामाशिवाय दुसरं काही नव्हतंच. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. तेव्हापासून घर इतकं गप्प की फ्रिज सुरू झाला तरी काका दचकायचे. दार उघडल्यावर "आलो" म्हणायची जुनी सवय. ती सुटेना, आणि उत्तर न येणं सोसेना, म्हणून अलीकडे चपला काढता काढता "या" असंही तेच म्हणायचे. मुलगी दूर. तिचा रविवारी फोन यायचा.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"तेच."

"बरं. ठेवू?"

"ठेव."

मापात कापलेला फोन. एक शब्द इकडे नाही, एक तिकडे नाही. ऑफिसात निदान तेरा बोर्ड होते, त्यांच्यावर माणसांच्या कोपरांचे डाग होते, आणि खालून वेल्डिंगची चरचर ऐकू यायची. ती खोली गेली की उरणार फ्रिज. म्हणून काकांनी ठरवलं, बाकडं असं करायचं की मालकीणबाईंनी खोक्यांचं नाव काढता कामा नये.

त्यांच्या पहिल्या हेड ड्राफ्ट्समनने एक शिकवण दिली होती. भार पुस्तकात नसतो, जागेवर असतो. जा, बस, बघ, लिही. न पाहिलेला आकडा लिहिशील तर बोटं कापीन. तो हेड ड्राफ्ट्समन कधीच वारला होता, पण काका अजून बोटं जपून होते.

तळ्याकाठी एक जुनं सिमेंटचं बाकडं होतं. त्याच्याच जागी नवं यायचं. काका रोज चार ते आठ तिथे जाऊन बसले. डाव्या टोकाला, कारण उजवीकडून ऊन डोळ्यांत यायचं. मांडीवर वही, हातात टेप, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. बाकड्याची लांबी त्यांनी पहिल्याच दिवशी सात वेळा मोजली. मग ते माणसांची वाट पाहू लागले.

माणसं आली. टोपी घातलेले एक स्थूल गृहस्थ काठी टेकत बाकड्याकडे वळले. काकांनी बुटांपासून टोपीपर्यंत त्यांना सावकाश पाहिलं आणि पुटपुटले, "ब्याण्णव." गृहस्थांनी ते ऐकलं असावं. ते तसेच पुढे निघून गेले आणि एका झाडाला टेकून धापा टाकत राहिले. मग दोन मैत्रिणी आल्या. काकांची बेरीज जरा मोठ्याने झाली. "एकशे एकवीस." मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि दोघींना एकदमच काहीतरी काम आठवलं. एक बाई मुलाला घेऊन टेकणार होती, पण काका टेप घेऊन तिच्या मुलाच्या बसायच्या जागेची खोली मोजू लागले. तिने मुलाला कडेवर उचललं. तिसऱ्या दिवसापासून लोक बाकडं दिसलं की रस्ता बदलून पलीकडच्या कडेने चालू लागले.

आठ दिवसांत काकांच्या वहीत ओळी जमल्या त्या सगळ्या सारख्या. एक पुरुष, चौसष्ट किलो, डावं टोक, चार तास. बसलं ते वजन, मग ते मोजणाऱ्याचं का असेना; बाकड्याला कारण कळत नाही. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मनातली एक जुनी समजूत पक्की झाली, की लोक हल्ली बसत नाहीत. सगळ्यांनाच कुठेतरी जायचं असतं. हे कळल्यावर त्यांना जरा बरंही वाटलं. आपणच एकटे आहोत असं नाही, अख्खं गाव तसंच, असं वाटलं की जिवाला थंडावा मिळतो.

त्यांनी तक्ता भरला, सुरक्षेसाठी ठरलेली दीडपट धरली आणि जावयाला दिला. जावयाने त्या एका दुपारी सहाशे अकरा बाकडी काढली. काका पडद्यावर एकेक पाहत गेले. पहिलं पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं याला ताप आला असावा. बाकड्याचं डावं टोक म्हणजे वडाचं खोड. जाड, पीळदार, खाली मुळांसारखे पाय फुटलेले. तिथून उजवीकडे लोखंड बारीक होत होत काकडीच्या वेलाच्या तणाव्यासारखं हवेत विरून जायचं. दुसरंही तसंच. सहाशे अकराही तशीच. फरक कुठे होता तर तणावा वर वळवायचा की खाली.

"नीट बघ की रे," काका काचेच्या खोलीत म्हणाले. "माणसांना बसायचंय." जावयाने एक गोल फिरवला.

त्यातलं जरा बऱ्या चेहऱ्याचं म्हणून काकांनी चारशे आठ नंबरचं निवडलं आणि ते खाली ठिणगीकडे पाठवलं. ठिणगी म्हणजे कारखान्यातली सगळ्यात जुनी वेल्डर. चाळिशी उलटलेली, हात लोखंडाचे, जीभ त्याहून. तिने दोन दिवस नळ्या वाकवून, सळ्या जोडून तो नमुना उभा केला. तोवर काका सवयीने रोज संध्याकाळी तळ्यावर बसतच होते, फक्त वहीत लिहीत नव्हते. मंगळवारी दुपारी काका बघायला खाली आले तेव्हा ती हातमोजे काढून म्हणाली, "बसते बघा आधी मीच," आणि दमलेलं माणूस बसतं तशी उजव्या टोकाला धपकन बसली.

बाकड्याने नम्रपणे मान खाली घातली, आणि ठिणगीला अलगद फरशीवर उतरवलं.

काकांनी आधी वाकून तणावा तपासला.

"काका, हे बाकडं आहे की घसरगुंडी?" ती फरशीवरूनच म्हणाली.

"तू चुकीच्या टोकाला बसलीस, ठिणगे."

"बाकड्याला चुकीचं टोक असतं?"

"तिकडे भार शून्य आहे."

"दीडपट धरता ना तुम्ही?"

"शून्याची दीडपट शून्यच होते."

"आणा ती वही."

काकांनी वही दिली. ठिणगी भिंतीला पाठ टेकून तिथेच बसली आणि बोट ठेवून वाचू लागली. "एक पुरुष, चौसष्ट किलो, डावं टोक. एक पुरुष, चौसष्ट किलो, डावं टोक. हा कोण बुवा आठ दिवस ठाण मांडून बसलाय?"

काका चष्मा पुसत होते.

"ओळखीचा आहे का?"

"तसा आहे."

"काका, तुमचं वजन किती?"

काकांनी चष्मा पुन्हा पुसला. आधी पुसला होता तो पुरेसा स्वच्छ झाला नसावा. "बसलो होतो तर लिहायला नको? खोटं लिहू?"

"आणि बाकीचे?"

"येत नाहीत ग कोणी. लोक हल्ली बसतच नाहीत. सगळे धावतात."

"लोक बसतात, काका. तुमच्या शेजारी बसत नाहीत."

ती हे कपडे झटकत, उठता उठता बोलली. मनात वाईट काही नव्हतं. वेल्डरचं बोलणं असंच असतं, जिथे सांधा तिथेच नेमकी ठिणगी. पण करंट जरा जास्त लागला हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तिने लगेच आवाज खाली आणला. "म्हणजे तुम्ही माणसाला असं खालून वर बघता ना, काट्यावर घातल्यासारखं. मला सवय आहे, मी त्रेसष्ट. परक्या माणसाला काय माहीत?"

"हं."

"सोडा. तीन ठिकाणी सत्तर सत्तर लिहून टाका आणि मोकळे व्हा. शुक्रवारी बाई येतायत."

"न पाहिलेला आकडा मी लिहीत नाही."

"मग तिथून उठा," ठिणगी म्हणाली. "उठल्याशिवाय दिसणार कसं? आज मंगळवारच आहे. शुक्रवारपर्यंत मी ओव्हरटाइम करीन, जावयाला काय, त्याला दुपार पुरते."

त्या संध्याकाळी काका बाकड्यावर बसले नाहीत. बाकड्याच्या मागे, थोड्या अंतरावर विजेची एक हिरवी पेटी होती, तिच्या आड ते उभे राहिले. टेप घरी ठेवली होती.

पाच मिनिटं कोणी आलं नाही. काकांना वाटलं, बघा, मी म्हणत होतो. मग झाडाला टेकणारे ते टोपीवाले गृहस्थ आले, त्यांनी बाकड्याकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि हाश्शहुश्श करत मधोमध बसले. पाठोपाठ त्या दोन मैत्रिणी. गृहस्थ सरकले. मग मुलाला घेऊन ती बाई. तिघं सरकले. गुळाला मुंगळे लागावेत तसं बाकडं भरलं. एक उठला की दुसरा टपलेला. कोणी शेंगा सोलत होतं, कोणी बूट काढून बोटं मोकळी करत होतं, मूल उभं राहून उड्या मारत होतं. उड्या मारणारं मूल म्हणजे साडेबारा किलो, पण उड्यांच्या दणक्यामुळे धरायचं पस्तीस. काका भराभर लिहीत होते. चौतीस वर्षांत इतका देखणा भार त्यांनी पाहिला नव्हता.

"गेला वाटतं एकदाचा," एक मैत्रीण म्हणाली.

"कोण?" टोपीवाल्यांनी विचारलं.

"तो टेपवाला हो. रोज असायचा. बाकडं त्याच्या बापाचं असल्यासारखा."

"अच्छा, तो. मी इतके दिवस त्या झाडापाशी दम खाल्ला त्याच्यापायी. मला बघून म्हणतो ब्याण्णव."

"आहात का?"

"आहे. पण म्हणून चारचौघांत बोलायचं?"

सगळे हसले. मुलाची आई म्हणाली, "बिचारा असेल कोणी एकटादुकटा."

"एकटा असेल तर गप्पा मारायच्या. आम्ही काय खाणार होतो त्याला?"

पेटीआड काकांची पेन्सिल थांबली. ब्याण्णव बरोबर निघाले, याचा आनंद जेमतेम एक श्वासभर टिकला. मग त्यांनी पुढची ओळ लिहिली. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही संध्याकाळी त्यांनी पेटीपाठी उभ्याने काढल्या. पाय सुजले. एका वेळी जास्तीत जास्त पाच माणसं, तीनशे अठरा किलो, आणि रिकामं टोक कुठलंच नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी, म्हणजे बुधवारीच, त्यांनी जावयाला द्यायचा तक्ता पुन्हा लिहायला घेतला होता. नवे आकडे घातले. जुने आठ दिवस मात्र तिथेच होते. ते तसेच ठेवले असते तर जावयाने डावीकडे उगाच जास्त लोखंड ठेवलं असतं. काकांनी खिशातली पट्टी काढली आणि चौसष्ट किलोंच्या आठही ओळींवर एकेक रेघ मारली. आयुष्यात त्यांनी लाखभर रेघा मारल्या असतील. स्वतःवर मारलेल्या या पहिल्या. रेघा सरळ आल्या.

जावयाने बाकडं काढलं ते देखणं काढलं. लांबच लांब पानाच्या शिरांसारखं, कुठे जाड नाही, कुठे मरतुकडं नाही. गुरुवारी सकाळी आदल्या संध्याकाळचे आकडे घातल्यावर ते आणखी नीटस झालं; गुरुवारचे नुसते ताळ्यासाठी राहिले. ठिणगीने गुरुवारचा दिवस आणि शुक्रवारची सकाळ खर्ची घालून ते जोडलं. मालकीणबाई आल्या. कारखान्यातले पाचजण बसले, मग सातजण, मग बाई स्वतः. बाकडं हूं की चूं करेना. काट्यावर घातलं तर पुस्तकातल्या बाकड्याच्या निम्म्याहून कमी.

"खोली तुमची," मालकीणबाई म्हणाल्या. "खोकी मी जिन्याखाली ठेवीन. जावईही इथेच राहील."

काका वर गेले. तेरा चादरी, एक खिडकी, एक काचेची खोली. जे हवं होतं ते सगळं जागच्या जागी होतं. ते आपल्या बोर्डापाशी बसले आणि खालच्या वेल्डिंगची चरचर पाच वाजता थांबेपर्यंत ऐकत राहिले.

दीड महिन्याने चाळीस बाकडी तळ्याकाठी लागली. एका संध्याकाळी काका ती पाहायला गेले. तिथे आता मोजायचं काही नव्हतं, म्हणून हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. जुन्या सिमेंटच्या जागचं बाकडं भरलेलं होतं. टोपीवाले, दोन मैत्रिणी, एक अनोळखी तरुण. काका मागे जाऊन उभे राहिले. आपल्या हातची वस्तू माणूस सहज चाचपतो तसा त्यांनी बाकड्याच्या पाठीच्या वरच्या पट्टीवर हात ठेवला, आणि पाय दुखत होते म्हणून त्यावर थोडा भार दिला.

पाठ डुलली. मोडायचं भय नव्हतं, पण डुलली खरी. पाठीला टेकणारे त्यांनी लिहिले होते, ते सगळे पुढून टेकणारे. मागे उभं राहून हात ठेवणारा तिन्ही संध्याकाळी कोणी दिसलाच नव्हता. तशा जागी त्या वेळी एकच माणूस उभा होता आणि तो लिहीत होता.

चौघांनी एकदम मागे वळून पाहिलं. काकांनी हात काढला.

"तुम्ही ते," एक मैत्रीण म्हणाली.

"हो. जातोच आहे."

"मागून हलवू नका हो. बसायचं तर बसा." ती सरकली. तिच्यामागे बाकीचे सरकले. डाव्या टोकाला वीतभर जागा झाली.

काका बसले. पण बसले ते कसे, तर नुसते टेकल्यासारखे. सगळं वजन त्यांनी आपल्याच पायांवर धरून ठेवलं होतं, बाकड्याला कळूसुद्धा नये असं. नजर समोर, सरळ तळ्यावर. शेजारी पाहिलं की आकडा तोंडातून निसटेल याची भीती. मैत्रिणींनी आपली गोष्ट अर्धवट सोडली. पाच मिनिटं झाली, मांड्या थरथरू लागल्या. गुडघ्यात कळ आली.

टोपीवाले वाकून त्यांच्या पायांकडे बघत होते.

"अहो, नीट बसा की," ते म्हणाले. "असं अधांतरी काय? लोखंडाचं आहे, मोडत नाही."

काकांनी आधी एका पायावरचा भार सोडला, थांबले, मग दुसऱ्यावरचा. बाकडं हललं नाही. कोणी उठलंही नाही. मैत्रिणी मघाच्या गोष्टीकडे वळल्या, कोणाच्या तरी सुनेची होती, आणि काकांना त्यातलं कोण कोणाचं ते काही कळत नव्हतं, तरी ते ऐकत बसले.